‘दंगल’मागची खरी माणसं : गीताची ती कुस्ती शेवटच्या सेकंदाला फिरलीच नव्हती

प्रश्न असा आहे : ‘दंगल’मधलं खरं किती आणि रचलेलं किती? महावीरसिंग फोगाट यांनी मुलींना नेमकं कसं घडवलं? आणि तो चित्रपट बघून घरातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला तालमीत घालायचं असेल तर त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं?

आधी त्यांची थोरली मुलगी गीता हिच्या त्या अंतिम लढतीबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. 7 ऑक्टोबर 2010, दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम, राष्ट्रकुल स्पर्धा, महिला फ्रीस्टाइल 55 किलो. समोर ऑस्ट्रेलियाची एमिली बेनस्टेड. पडद्यावर ही लढत तिसऱ्या फेरीपर्यंत ताणली आहे. गीता 1-5 ने मागे, घड्याळात मोजके सेकंद, आणि मग पाच गुणांचा एकच डाव टाकून ती 6-5 ने जिंकते. प्रत्यक्षात गीताने पहिली फेरी 1-0 आणि दुसरी 7-0 अशी घेतली. तिसरी फेरी झालीच नाही. कुस्ती सरळसरळ एकतर्फी होती.

यातलं महत्त्व कळायला तेव्हाचे नियम माहीत असायला हवेत. आज दोन फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या असतात आणि दोन्हींचे गुण एकत्र मोजतात. 2005 ते 2013 या काळात तसं नव्हतं. तेव्हा दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत, प्रत्येक फेरीचा निकाल स्वतंत्र लागे आणि ज्याच्या दोन फेऱ्या त्याची कुस्ती. उभ्याने पट काढून, म्हणजे पाय धरून, खाली आणलं तर एकच गुण, आज त्याला दोन मिळतात. रिंगणाबाहेर ढकललं तर एक. खाली आणतानाच थेट पाठीवर, म्हणजे धोक्याच्या स्थितीत टाकलं तर तीन. आणि हवेतून मोठी कमान काढत पाठीवर आपटलं तर पाच. सहा गुणांची आघाडी झाली की फेरी तिथेच थांबायची. तीन गुणांचे दोन डाव लागले तरी थांबायची, आणि पाच गुणांचा एक जरी डाव लागला तरी थांबायची.

म्हणजे पडद्यावरचा तो क्षण तेव्हाच्या नियमांनी तपासला तर बेरीज 6-5 होण्याची गरजच नव्हती. पाच गुणांचा डाव पडला त्या क्षणी गुणफलकावर काहीही असलं तरी फेरी गीताची. प्रेक्षकाला हे समजावत बसणं अवघड, म्हणून चित्रपटाने साधी बेरीज दाखवली. ती त्यांची गरज होती. पण कुस्ती शिकणाऱ्या मुलामुलींनी त्यातून ‘शेवटच्या पाच सेकंदांत मोठा डाव टाकू’ हे शिकू नये.

आता 7-0 कडे पुन्हा बघा. दोन मिनिटांच्या आत, अंतिम फेरीत, घरच्या प्रेक्षकांसमोर सात गुण घ्यायचे आणि एकही द्यायचा नाही. हे एका डावाने होत नाही. आधी पट लागतो. मग प्रतिस्पर्धी पोटावर असताना तिला फिरवावं लागतं, आणि पकड न सोडता पुन्हा फिरवावं लागतं. म्हणजे उभ्याची कुस्ती, खालची कुस्ती आणि दम, तिन्ही पक्के लागतात. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की खरी गीता पडद्यावरच्या गीतापेक्षा सरस पैलवान होती. चुरशीची कुस्ती नशिबानेही मारता येते. एकतर्फी कुस्ती मारायला मात्र वर्षानुवर्षांची मेहनत अंगात मुरावी लागते, आणि फोगाट घराण्याची खरी गोष्ट त्या मेहनतीचीच आहे.

चित्रपटात गीता आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सतत पहिल्याच फेरीत हरते आणि वडिलांची शिकवण पुन्हा धरल्यावर एकदम जिंकते. तसं झालेलं नाही. 2009 च्या डिसेंबरात जालंधरला राष्ट्रकुल कुस्ती अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे गीता आणि तिची बहीण बबिता दोघींनीही सुवर्ण घेतलं होतं. म्हणजे दिल्लीच्या मॅटवर उतरली तेव्हा गीता दावेदार होती. बबिताने 2010 मध्ये 51 किलोत रौप्य घेतलं; अंतिम फेरीत ती नायजेरियाच्या इफेओमा न्वोयेकडून हरली. 2014 ला ग्लासगोच्या राष्ट्रकुलमध्ये बबितानेही सुवर्ण आणलं.

वडिलांना खोलीत कोंडून ठेवल्याचा प्रसंग पूर्ण काल्पनिक आहे. महावीर त्या दिवशी प्रेक्षकांत होते. प्रशिक्षक प्रमोद कदम हे पात्रही (गिरीश कुलकर्णी यांनी साकारलेलं) रचलेलं आहे. तेव्हा महिला संघाचे प्रशिक्षक प्याराराम सोंधी होते आणि हे चित्रण आपल्यावर अन्याय करणारं आहे असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं होतं. ते रास्तच होतं. घरचा वस्ताद आणि शिबिराचा प्रशिक्षक यांच्यात ओढाताण होते, हे कुस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एक म्हणतो आक्रमण कर, दुसरा म्हणतो आधी बचाव भक्कम कर. पण राष्ट्रीय शिबिरात रोज मिळणारे तगडे जोडीदार, मॅटचा सराव, परदेशी पैलवानांचे व्हिडिओ आणि फिजिओ हे फोगाटांच्या बलाली गावच्या शेतात मिळणारं नव्हतं. गीताच्या सुवर्णात दोन्हींचा वाटा आहे.

कुटुंबाबद्दलही एक मोठी गोष्ट पडद्यावर राहून गेली. गीता, बबिता, ऋतू आणि संगीता या महावीर यांच्या मुली. पण त्याच आखाड्यात विनेश आणि प्रियांका या त्यांच्या पुतण्याही घडल्या. त्यांचे वडील गेल्यावर महावीर यांनी त्यांना स्वतःच्या मुलींबरोबर वाढवलं. चित्रपटात या दोघी नाहीत, त्यांच्याऐवजी भावाचा एक मुलगा आहे आणि तोच गोष्ट सांगतो. निकालांच्या भाषेत बोलायचं तर या घरातली सर्वांत यशस्वी पैलवान विनेशच. राष्ट्रकुलची तीन सुवर्णं (2014, 2018, 2022), 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण, जे मिळवणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर, आणि 2019 व 2022 या दोन जागतिक स्पर्धांत कांस्य. यातलं बरंचसं चित्रपटानंतरचं, पण 2014 चं सुवर्ण आधीचं होतं; तरी तिचा पडद्यावर उल्लेखही नाही, ही त्या चित्रपटातली मला सर्वाधिक खुपणारी गोष्ट आहे.

महावीर यांना हे सगळं सुचलं कुठून? ते स्वतः मास्टर चंदगीराम यांच्या दिल्लीच्या आखाड्यातले पैलवान. चंदगीराम म्हणजे 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत 100 किलोत सुवर्ण घेतलेले हिंदकेसरी. त्यांनी आपल्या मुली सोनिका आणि दीपिका यांना मातीत उतरवलं, तेव्हा उत्तरेत बराच गदारोळ झाला होता. महावीर यांच्यासमोर हे उदाहरण होतं. 2000 मध्ये सिडनीला कर्णम मल्लेश्वरीने वेटलिफ्टिंगचं कांस्य आणलं आणि भारतीय महिलेलाही ऑलिम्पिक पदक मिळू शकतं हे गावोगावी पोहोचलं. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये महिला कुस्ती पहिल्यांदा आली, फक्त चार वजनगटांत : 48, 55, 63 आणि 72. म्हणजे भिवानी जिल्ह्यातल्या (आता चरखी दादरी) बलाली गावात शेतात आखाडा खणला गेला तो नुसता हट्टापोटी नव्हे. महावीर यांच्याकडे गुरूची विद्या होती आणि समोर उघडणारी वाट दिसत होती. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो 2016 मध्ये.

आणखी काही नावं इथे घेतलीच पाहिजेत, कारण चित्रपट पाहिल्यावर वाटतं की भारतीय महिला कुस्ती बलालीतच जन्मली. मेरठला जबरसिंग सोम यांच्याकडे शिकलेल्या अलका तोमरने 2006 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं होतं. हिसारच्या गीतिका जाखडने त्याच वर्षी दोहाच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेतलं. दिल्लीच्या राष्ट्रकुलमध्ये महिला कुस्ती पहिल्यांदाच खेळवली गेली आणि भारताला तीन सुवर्णं मिळाली : 55 किलोत गीता, 59 मध्ये अलका आणि 67 मध्ये अनिता. तिघींपैकी दोघींची नावं आज फार कुणाला सांगता येत नाहीत.

आता शिकवण्याकडे वळू. मातीतून मॅटवर जाणं हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत कठीण टप्पा, आणि चित्रपट तो घाईत उरकतो. कोल्हापूर-सांगलीच्या तालमीत वाढलेल्या कुणालाही हा टप्पा माहीत असेल. मातीच्या हौद्यात तांबडी माती असते, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घातलेलं असतं, रोज ती खणून मऊ केलेली असते. पाय रुततो, त्यामुळे हालचाल थोडी संथ. हाताला माती लावली की पकड बसते, जांघियालाही धरता येतं. आणि मुख्य म्हणजे चितपट होईपर्यंत कुस्ती चालते. त्यामुळे पैलवान उभा राहतो ताठ, डोक्याला डोकं लावून खडाखडी करतो, समोरच्याचा अंदाज घेतो.

मॅटवर यातली प्रत्येक सवय अंगाशी येते. नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ, कडेचा एक मीटरचा रंगीत पट्टा हा इशाऱ्याचा. ताठ उभं राहिलं की समोरचीला मांड्या मोकळ्या मिळतात आणि पट बसतो. पोशाखाला धरलं तर ताकीद मिळते. खडाखडीत वेळ काढला तर निष्क्रियतेचा इशारा येतो. आणि चितपट न होताही कुस्ती हातची जाते, कारण गुण मोजले जातात. मातीतली मुलगी मॅटवर येते तेव्हा पहिले काही महिने ती ताकदीने कमी नसतानाही हरते, याचं कारण हे.

दुरुस्ती करायची ती उभं राहण्यापासून. गुडघे वाकलेले, कंबर खाली पण पाठ सरळ, एक पाय अर्धं पाऊल पुढे, कोपर बरगड्यांना चिकटलेले, मान वर आणि नजर समोरचीच्या छातीवर. टाचा किंचित उचललेल्या. या स्थितीत पुढे-मागे-बाजूला सरकायचं, पाय एकमेकांवरून न टाकता. कंटाळवाणं आहे, पण नवीन मुलीने रोज दहा मिनिटं एवढंच केलं तरी दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो.

मग एकेरी पट. आधी हाताने समोरचीचं डोकं किंवा मनगट हलवायचं, म्हणजे तिचं वजन एका पायावर येतं. त्याच क्षणी पुढचा पाय तिच्या दोन पायांच्या रेषेपर्यंत टाकायचा, गुडघा मॅटला फक्त घासून जायला हवा, आपटता कामा नये. मागचा पाय लगेच बाहेरून वळवून पुढे आणायचा. डोकं तिच्या बरगडीला आतून घट्ट, हात गुडघ्यामागे बांधलेले, छाती मांडीला चिकटलेली. इथे तीन चुका सर्रास होतात. पहिली, पाय जायच्या आधी हात जातात. मग मुलगी लांबून वाकते आणि समोरची तिच्या मानेवर बसते. दुसरी, डोकं खाली जातं. डोकं खाली गेलं की मान पकडली जाते आणि तिथून थेट पाठीवर फिरवलं जातं. तिसरी, पाय पकडून मुलगी तिथेच गुडघ्यावर थांबते. पट पकडला म्हणजे पट निघाला असं नाही, पाय पकडल्यावर कोन बदलून पुढे रेटावंच लागतं. दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी दोन्ही बाजूंनी दहा-दहाचे तीन संच पुरेत. याहून जास्त केले की शेवटचे सगळे चुकीचे होतात आणि नेमके तेच अंगात मुरतात.

महावीर यांनी मुलींना मुलांशी लढवलं, हे अगदी खरं आहे आणि त्यामागचं कारण साधं होतं : त्या भागात मुली पैलवान नव्हत्याच. त्याचा फायदा झाला, कारण जोडीदार वेगवान आणि तगडा असला की प्रतिक्रिया तीक्ष्ण होते. पण हे सरसकट नको. साधारण बारा वर्षांपर्यंत मुलगा-मुलगी जोड चालते. त्यानंतर मुलाच्या खांद्यांत आणि पकडीत ताकद येते, तेव्हा सारख्याच वजनाचा मुलगाही मुलीला दाबून ठेवतो आणि ती फक्त बचाव शिकते. वजनातला फरक दहा टक्क्यांच्या आत ठेवावा. मोठ्या मुलाशी लढवायचंच असेल तर त्याला काम ठरवून द्यावं : तू फक्त तिला डाव टाकू देऊ नकोस, किंवा तू फक्त डावा पट काढ. मुक्त कुस्ती मुलीनेच मुलीशी करावी.

आता तो पाच गुणांचा डाव. मोठी कमान म्हणजे प्रतिस्पर्धी मॅटवरून पूर्ण सुटली पाहिजे, हवेत मोठा वळसा घेतला पाहिजे आणि थेट पाठीवर धोक्याच्या स्थितीत पडली पाहिजे. नुसतं उचलून बाजूला आडवं केलं तर पाच मिळत नाहीत. हा डाव छातीला छाती भिडवून, कमरेला मिठी मारून निघतो. मिठीत शक्यतो तिचा एक हात दंडापाशी अडकवून घ्यावा, म्हणजे तो हात टेकवून तिला सावरता येत नाही. हात तिच्या कमरेच्या वर, बरगड्यांच्या खालच्या टोकाला बांधायचे. मग आपली कंबर तिच्या कमरेखाली न्यायची, एक पाय तिच्या दोन पायांमध्ये खोल टाकायचा. उचल मांड्यांनी आणि कमरेच्या धक्क्याने होते, पाठीने नाही. मागे कमान घेत असतानाच शेवटच्या टप्प्यात खांदा वळवायचा, म्हणजे आपण पडतो तेव्हा पोट तिच्याकडे असतं.

बिघडतं कुठे? कंबर खाली न नेता मुलगी नुसती मागे झुकते. मग समोरची आपलं वजन टाकते आणि डाव टाकणारीच खाली सापडते, म्हणजे गुण उलटे. दुसरं, वळायला उशीर होतो आणि आपलीच मान मॅटवर आपटते. म्हणून हा डाव आधी जाड गादीवर, पोत्याच्या बाहुलीवर शिकवतात, बाहुलीचं वजन मुलीच्या वजनाच्या निम्म्याहून कमी. मागे कमान घेऊन हातावर, मग डोक्यावर पूल करता येणं ही पहिली पायरी. बारा वर्षांखालच्या मुलीला डोक्यावर भार देऊन पूल करायला लावू नये, हातांचा आधार ठेवावा. आणि चित्रपट बघून घरच्या फरशीवर हा डाव करून बघणाऱ्या पोरांना कृपया तिथल्या तिथे थांबवा. मानेच्या दुखापतीला दुसरी संधी नसते.

महिला कुस्तीत हा डाव क्वचितच दिसतो. बहुतेक कुस्त्या पट, पटाचा बचाव करून मागे जाणं, आणि खाली असताना पाय गुंडाळून किंवा कमरेला धरून फिरवणं यावरच ठरतात. एक नियमही लक्षात ठेवा : दोन्ही हात मानेमागे घालून दाबण्याची दुहेरी मान-पकड महिला कुस्तीत पूर्ण निषिद्ध आहे. मातीतल्या मैदानांत ती कधीकधी शिकवली जाते.

गाद्या एकमेकींना लावून मॅट करण्याचा प्रसंग लोकांना फार आवडतो. परिस्थिती नसेल तेव्हा माणूस मिळेल ते वापरतो हे समजू शकतं, पण कापसाच्या किंवा फोमच्या झोपायच्या गाद्या कुस्तीला वाईट. दोन गाद्यांच्या फटीत पाऊल जातं आणि घोटा किंवा गुडघा मुरगळतो. फोम मऊ असला की पाऊल रुततं आणि शरीर वळताना गुडघा तिथेच अडकतो. स्पर्धेची मॅट चार ते सहा सेंटिमीटर जाड आणि टणक असते, वर ताणलेलं विनाइलचं कव्हर. मॅट परवडत नसेल तर नीट खणलेली, खडे वेचलेली माती कधीही जास्त सुरक्षित.

2010 नंतर काय झालं ते थोडक्यात. 2012 मध्ये अस्तानाच्या आशियाई पात्रता स्पर्धेतून गीता लंडनला गेली, ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला पैलवान. पहिल्या फेरीत ती कॅनडाच्या टोनया व्हर्बीककडून हरली. व्हर्बीक पुढे अंतिम फेरीत गेल्यामुळे गीताला रेपेचाजची, म्हणजे कांस्यासाठी पुन्हा लढण्याची, संधी मिळाली, तिथे अझरबैजानच्या रात्केविचने तिला हरवलं. त्याच वर्षी कॅनडात झालेल्या जागतिक स्पर्धेत मात्र गीताने 55 आणि बबिताने 51 किलोत कांस्य घेतलं. जागतिक स्पर्धा राष्ट्रकुलपेक्षा कितीतरी कठीण, कारण तिथे जपान, रशिया, चीन, मंगोलिया सगळे असतात. कुस्तीच्या मोजमापात दोघा बहिणींचं सर्वांत मोठं यश हेच आहे.

आणि शेवटच्या सेकंदाला फिरलेली कुस्ती भारतीय महिला कुस्तीत खरोखर झाली आहे, ती साक्षी मलिकची. रिओ, ऑगस्ट 2016, 58 किलो, कांस्यपदकाची लढत, समोर किर्गिझस्तानची ऐसुलू तिनिबेकोवा. मध्यंतराला साक्षी 0-5 ने मागे होती. दुसऱ्या फेरीत तिने 5-5 केलं, शेवटच्या काही सेकंदांत आणखी दोन गुण घेतले, प्रतिस्पर्ध्याने पंचांच्या निर्णयाला दिलेलं आव्हान फेटाळलं गेल्याने एक गुण वाढला आणि 8-5 वर कुस्ती संपली. चित्रपट त्यानंतर चार महिन्यांनी आला.

वजनाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण विनेशचं पॅरिस ऑलिम्पिक सगळ्यांच्या मनात आहे आणि त्याविषयी अर्धवट माहिती फिरते. गीताच्या काळात आदल्या संध्याकाळी वजन व्हायचं आणि पूर्ण वजनगट दुसऱ्या दिवशी एकाच दिवसात संपायचा. त्यामुळे वजन उतरवून रात्रभर खाऊन-पिऊन भरून काढता यायचं. 2018 पासून प्रत्येक गट दोन दिवस चालतो आणि वजन दोन्ही दिवशी सकाळी होतं. पहिल्या दिवशी अर्धा तास मिळतो, दुसऱ्या दिवशी फक्त पंधरा मिनिटं. 6 ऑगस्ट 2024 ला विनेशने 50 किलोत तीन कुस्त्या मारल्या, त्यात पहिलीच जपानच्या युई सुसाकीवर, जी तोपर्यंत परदेशी प्रतिस्पर्ध्याकडून कधीच हरली नव्हती. तीन कुस्त्यांसाठी पाणी आणि अन्न घ्यावंच लागतं, आणि जी मुलगी नेहमी पन्नासच्या बरीच वर असते तिचं शरीर ते पाणी धरून ठेवतं. रात्रभर सायकल, धावणं, सॉना करूनही सकाळी 100 ग्रॅम जास्त भरलं. दुसऱ्या दिवशी वजन चुकलं की नियमाने पैलवान स्पर्धेतूनच बाद होते आणि तिला शेवटचा क्रमांक दिला जातो, आदल्या दिवशीचे विजय धरले जात नाहीत. ती विनेशची हार मानायला मी तयार नाही. पण यातून तालमींनी घ्यायचा व्यावहारिक धडा स्पष्ट आहे : ज्या गटात उतरायचं त्याच्या तीन-चार टक्क्यांपेक्षा वर रोजचं वजन असू नये.

आता तुमच्या मुलीकडे. सात ते नऊ या वयात कोलांट्या, दोरी चढणं, माकडउड्या, पकडापकडी, एकमेकींना रिंगणाबाहेर रेटण्याचे खेळ एवढंच असावं. आठवड्याला तीन दिवस, तासभर. डाव दहा-अकरापासून. पहाटे चारला उठवून पळवण्यात कुस्तीचं काहीच विशेष नाही. झोप नऊ तासांची होत असेल तर पहाट चालेल, नसेल तर संध्याकाळ बरी. केस कापायची गरज नाही, घट्ट वेणी घालून जाळी किंवा टोपी लावता येते. धातूची क्लिप मात्र कधीच नको.

सोळा वर्षांच्या आत वजन उतरवणं पूर्ण बंद. ज्या वजनाची आहे त्याच गटात लढू द्या. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासा. बाराच्या खाली असेल तर दम लागतो आणि वस्ताद म्हणतो मुलगी आळशी आहे. पाळी सुरू झाल्यावर ती तीन महिने चुकली तर ते खुराक मेहनतीला पुरत नसल्याचं लक्षण असू शकतं, थेट डॉक्टरांकडे जा. खुराकाला बदाम-तूपच हवं असं नाही. रोजचं दूध, अंडी किंवा डाळ-उसळ, शेंगदाणे, भाकरी आणि फळ यातून भागतं, फक्त मेहनतीनंतर तासाभरात पोटात काहीतरी गेलं पाहिजे.

गजकर्ण हा तालमीचा नेहमीचा रोग. चट्टा दिसला की पूर्ण बरा होईपर्यंत जोड बंद, कपडे रोज धुतलेले, मॅट रोज जंतुनाशकाने पुसलेली. कान सुजून मऊ गाठ आली तर दुसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टरकडून रक्त काढून घ्या, थांबलात तर कान कायमचा चुरगळतो. मुलींत गुडघ्याच्या आतला दोर तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. रिओत विनेशची स्पर्धा गुडघ्याच्याच दुखापतीने संपली होती. उडी मारून उतरताना गुडघे आत झुकतात का ते बघा, झुकत असतील तर मांडीचा मागचा भाग आणि कुल्हा मजबूत करायचे व्यायाम आधी, पट नंतर.

महाराष्ट्रात आज चित्र बलालीच्या त्या काळासारखं नाही. 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. मुलींसाठी स्वतंत्र वेळ आणि वसतिगृह ठेवणाऱ्या तालमी पश्चिम महाराष्ट्रात सापडतात. प्रवेश घेण्याआधी एक पूर्ण सराव बसून बघा. तिथे तुमच्या मुलीच्या वजनाच्या किमान दोन मुली आहेत का, सरावाच्या वेळी महिला प्रशिक्षक किंवा जबाबदार बाई हजर असते का, कपडे बदलायला बंद खोली आहे का, दुखापत झाली तर कुठल्या दवाखान्यात नेतात आणि वजनकाटा कुणाच्या ताब्यात असतो, हे सगळं विचारा. तिथल्या मोठ्या मुलींशी वस्तादांच्या गैरहजेरीत दहा मिनिटं बोला, आणि पहिले सहा महिने आठवड्यातून एकदा तरी न सांगता जाऊन बसा.